दोन डाव बाकी

कॅलोवे फोर्ड, ओहायो
रविवार, २६ ऑगस्ट २०१८

ती. व्हर्नदादास,

शि. सा. न. वि. वि., आणि झिपच्या डोक्यावर एक टपली.

तुझं पत्र मिळालं. गुडघ्याचं दुखणं कमी आहे हे वाचून बरं वाटलं. चौतीस वर्षं टपाल वाटताना लोकांच्या कुत्र्यांपुढे पळालास आणि निवृत्त झाल्यावर स्वतःच कुत्रा पाळलास. आता तो पळवतो म्हणून कुणाकडे तक्रार करणार?

माझ्याकडची बातमी मोठी आहे. पाणीपुरवठ्यातले आमचे प्रुएटसाहेब येत्या जूनअखेर निवृत्त होताहेत. त्यांची मुख्य तंत्रज्ञाची जागा मला मिळावी असं त्यांना वाटतं, मला वाटतं, आणि पंपांना विचारलं तर त्यांनाही वाटेल. पण काउंटीने नवा नियम काढलाय की मुख्य तंत्रज्ञ पदवीधरच हवा. बावीस वर्षांत मी इथला एकूण एक बोर्ड उघडून दुरुस्त करून मिटलाय, पण ते पदवीत धरत नाहीत. तीस जूनपर्यंत पदवीचा कागद दाखवला तर जागा माझी. नाहीतर जुलैत बाहेरून कुणी पदवीधर येईल आणि पंपघर कुठल्या बाजूला आहे ते मी त्याला दाखवीन.

सहा वर्षं मी संध्याकाळच्या वर्गांना जाते ते तुला माहीत आहेच. पदवीचं नाव 'संगणक अभियांत्रिकी तंत्रज्ञान'. शेवटचा शब्द गाळू नकोस. नुसत्या 'संगणक अभियांत्रिकी'वाल्यांची इमारत वेगळी आहे आणि त्यांच्याकडे कॉफीचं यंत्र आहे. ते बिघडलं की आमच्याकडे निरोप येतो. यावरून दोन पदव्यांमधला फरक तू समजून घे.

परवा कॉलेजातल्या मार्गदर्शक बाईंना भेटले. नाव किंबर्लिन, वय चोवीस, टेबलावर छोट्या गाजरांचा डबा. काहीही विचारलं की आधी 'छान प्रश्न' म्हणते आणि मग संगणकात बघते. तिचं म्हणणं, पदवीला दोन रस्ते आहेत. नव्या माहितीपुस्तकाप्रमाणे गेले तर अजून चौदा विषय, त्यातला एक तर कोवळ्या पोरांना ग्रंथालय कुठे आहे ते दाखवण्याचा. १९८९च्या माहितीपुस्तकाप्रमाणे गेले तर फक्त पाच. मी १९८९ साली नाव घातलं होतं आणि मधेच सोडून गेले तरी माझी फाइल का कोण जाणे कुणी बंद केली नाही, म्हणून जुनं पुस्तक मला अजून लागू आहे. मी अर्थातच जुनं धरलं.

पाचांतले तीन विषय या सत्रात घेतलेत. उरलेले दोन जानेवारीपासून, म्हणजे शेवटचा प्रकल्प आणि मायक्रोप्रोसेसरची प्रयोगशाळा. ही प्रयोगशाळा फक्त विषम सालात भरते, तीही वसंत सत्रातच. २०१९ विषम आहे हे नशीब. ती चुकली तर थेट २०२१, आणि तोवर जागा गेलेली असेल.

आराखड्याची प्रत सोबत घातली आहे. तू जन्मभर चारशे बारा दारांचा रस्ता असा आखलास की कुठलीही गल्ली दोनदा तुडवावी लागली नाही. तीच नजर जरा यावरून फिरव. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि संगणकाला तू हात लावत नाहीस, म्हणून संगणकाची पदवी घेणारी बहीण तुला शाईने लिहितेय. हे आमच्या वर्गात कुणाला कळलं तर मला काढून टाकतील.

कळावे. लोभ आहेच, तो पुढच्या सत्रातही चालू ठेवावा.

तुझी,
डार्लीन

---

स्प्रूस हार्बर, मिशिगन
मंगळवार, ४ सप्टेंबर २०१८

चि. डार्लीन हिस,

अ. उ. आ. अठ्ठेचाळीस वर्षांची झालीस तरी मी 'चि.'च लिहिणार.

पत्र आणि आराखडा दोन्ही पोचले. पाकिटावर तिकीट वाकडं लावतेस ही तुझी जुनी खोड अजून गेलेली नाही. जागेची बातमी वाचून फार आनंद झाला. बाबा असते तर त्यांनी शेजाऱ्यांना दोनदा सांगितली असती.

आराखडा मी जेवणाच्या टेबलावर पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार कप ठेवले. रस्ता एकूण ठीक आहे. जी गल्ली वर्षाआड उघडते ती आधी गाठायची, बाकीची दारं कुठे पळून जात नाहीत. पण दोन जागी मी अडकलो.

पहिली जागा, विषय क्रमांक ३४०. या विषयाला बसण्याआधी कुठला विषय झालेला हवा, त्या रकान्यात लिहिलंय ३४०. मी चष्मा पुसून परत वाचलं. म्हणजे हा विषय घ्यायला तो आधीच घेतलेला पाहिजे. असा पत्ता घातलेलं पत्र माझ्या हातात आलं असतं तर मी शिक्का मारून परत पाठवलं असतं.

दुसरी जागा याहून गंभीर आहे आणि ती तू मला कळवली नाहीस याचं वाईट वाटलं. कागदाच्या तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत छापलंय की शेवटचे तीस क्रेडिट 'निवासात' पूर्ण करणं बंधनकारक आहे. निवासात! स्वतःचं घर असलेल्या बाईने वसतिगृहात राहायचं? ज्यांनी आयुष्यात कधी स्वतःची चादर धुतली नाही अशा पोरींबरोबर? एका न्हाणीघराला बारा जणी? तुझी कंबर अशी, त्यात ते पलंग दुमजली असतात असं मी ऐकून आहे.

तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, तू मुकाट्याने जाऊन राहशील. म्हणून मी त्याच दिवशी कॉलेजच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं. तीन पानी, नोंदणीकृत, पोचपावतीसह. त्यात तुझा विद्यार्थी क्रमांक घातला, तू १९९१ साली बाबांच्या आजारपणात शिक्षण सोडलंस ते लिहिलं, आणि या बाईंची फाइल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तपासून त्यांना न्याय द्यावा अशी मागणी केली. न्हाणीघरावर वेगळा परिच्छेद आहे. आभार वगैरे मानू नकोस.

इकडे गारठा पडायला लागलाय. काल मांस-बटाट्याचं सारण भरून पॅस्टी भाजल्या. दीड मी खाल्ली, अर्धी झिपने पळवली.

कळावे. लोभ नोंदणीकृत समजावा, पोचपावतीची वाट पाहतो.

तुझा,
व्हर्नन

---

कॅलोवे फोर्ड
गुरुवार, २० सप्टेंबर २०१८

श्री. व्हर्नन क्रुमरीन यांस,

स. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. अध्यक्षांना पाठवलेलंही मिळालं. ते आमच्या कॉलेजात सगळ्यांनाच मिळालं, कारण अध्यक्षांच्या कचेरीने त्याच्या नऊ प्रती काढल्या.

'निवासात' याचा अर्थ, महाशय, शेवटचे तीस क्रेडिट याच कॉलेजात शिकून मिळवावेत, दुसरीकडून आणू नयेत, एवढाच आहे. कोण कुठल्या पलंगावर झोपतो याच्याशी कॉलेजला काही देणंघेणं नाही. किंबर्लिनने आपलं पत्र मला मोठ्याने वाचून दाखवलं. न्हाणीघराच्या परिच्छेदाला गाजर तिच्या घशात अडकलं आणि मला तिच्या पाठीत गुद्दे मारावे लागले. ३४०चा घोळ म्हणाल तर तो २००९पासून आहे आणि दर वर्षी प्रत्येकाला एका सहीने माफ होतो. मग एकदाच दुरुस्त का करत नाही, असं मी विचारलं. छान प्रश्न, असं ती म्हणाली.

इथवर गंमत होती. पण आपण फाइल तपासायची मागणी केली होती ना? ती मान्य झाली. संगणकाला लावून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तपासली. शरद सत्र १९९१, शारीरिक शिक्षण, बोलिंग, क्रेडिट एक, शेरा 'अपूर्ण'. क्रिकेटमधलं नव्हे, जड चेंडू लाकडी पट्टीवरून घरंगळवत नेऊन दहा खुंट्या पाडायच्या ते बोलिंग. बारा डाव खेळायचे होते, दहा खेळले, आणि बाबांना झटका आल्याचा फोन आला म्हणून दोन डाव तसेच सोडून घरी आले. सत्तावीस वर्षं हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही. आता संगणकाच्या लक्षात आलंय, आणि तो विसरत नाही.

'अपूर्ण' पुसलं जाईपर्यंत माझी जानेवारीची नोंदणी बंद. शेवटची तारीख सोळा नोव्हेंबर. नवं माहितीपुस्तक धरलं तर बोलिंग लागत नाही, पण चौदा विषय लागतात. जुनं धरलं तर बोलिंग लागतं. आणि जुनं मला लागू का आहे, तर माझी फाइल उघडी राहिली म्हणून. ती उघडी का राहिली, तर आत एक 'अपूर्ण' होतं म्हणून! ज्याच्यामुळे आत शिरले त्याच्यामुळेच अडकले. हे किंबर्लिनने मला कागदावर बाण काढून समजावलं, आणि तिचे बाणही गोल फिरून तिथेच आले.

गेल्या मंगळवारी त्याच मायक्रोप्रोसेसरच्या प्रयोगशाळेतून मला बोलावणं आलं, सहा बोर्ड बंद पडलेत, येऊन बघाल का म्हणून. दोन तासांत चार चालू करून दिले. छातीला 'तज्ज्ञ' असा बिल्ला लावला होता. तो बिल्ला तसाच ठेवून मी खालच्या मजल्यावर नोंदणीच्या खिडकीशी गेले आणि त्या प्रयोगशाळेत नाव घालता येईल का ते परत विचारलं. खिडकीतल्या बाई म्हणाल्या की तुमची पात्रता अजून सिद्ध नाही.

व्हर्न, चौतीस वर्षं तू दुसऱ्यांची पत्रं बरोबर दारात टाकलीस रे, आणि एकदाच स्वतःच्या मनाने टाकलंस ते नेमकं नको त्या दारात! मला ती जागा हवी आहे. मी कुणापाशी बोलले नाही, पण फार हवी आहे. आयुष्यात माझ्या नावापुढे काहीतरी पुरं झालेलं मला बघायचंय.

कळावे. लोभ तूर्त स्थगित.

डार्लीन क्रुमरीन

---

स्प्रूस हार्बर
सोमवार, १ ऑक्टोबर २०१८

चि. डार्लीन हिस,

अ. उ. आ., आणि त्याहून जास्त माफी.

पत्र वाचून दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. निवास म्हणजे निवास, असं मी समजलो. टपालखात्यात शब्दांचे असे चोरटे अर्थ नसत. तरी चूक माझीच. तुला विचारल्याशिवाय पत्र टाकायला नको होतं.

तुझं प्रत्येक पत्र माझ्याकडे आहे, हे तुला ठाऊक नसेल. टपालाची एक जुनी पांढरी पेटी निवृत्त होताना मी मागून घेतली होती, तिच्यात सालवार लावून ठेवलीत. १९९१चा गठ्ठा सोडला आणि हे सापडलं. मूळ पाकिटासकट पाठवतोय, जपून हाताळ. पाकिटावर शिक्का आहे, १३ नोव्हेंबर १९९१. आत तुझं पत्र, आणि पत्रात घडी घातलेला बोलिंगचा गुणतक्ता. दहा डाव, पेन्सिलीने भरलेले, प्रत्येकाखाली तुमच्या प्रशिक्षकाची सही, डी. ऑस्ट्रँडर. सातव्या डावात तुला एकशे बावन्न पडले होते, म्हणून तू फुशारकी मारायला तो तक्ता मला पाठवला होतास. तारखेबद्दल कुणी शंका काढली तर त्यांना शिक्का दाखव. अमेरिकेत माणसं वाटेल ते म्हणतात, शिक्का म्हणत नाही.

आता पुढचं. त्या पत्राचा शेवटचा परिच्छेद मी सत्तावीस वर्षांनी परत वाचला. तू लिहिलंयस की शेजारच्या बाई म्हणतात बाबांचा डावा हात जड पडलाय, तू एकदा येऊन बघून जाशील का, माझे दोनच डाव राहिलेत, ते झाले की मीही येते. मी उत्तर पाठवलं होतं की सणाचे दिवस आहेत, टपालाचे डोंगर आहेत, खातं रजा देत नाही. पुढच्याच आठवड्यात बाबा पडले. मग तू गेलीस.

डार्लीन, मी रजा मागितलीच नव्हती. बाबांना तसं बघायची मला भीती वाटली. रजेचा अर्ज घेऊन साहेबांच्या दारापर्यंत गेलो होतो आणि परत आलो. तो अर्जही त्याच पेटीत आहे. हे आजवर कुणाला सांगितलं नाही.

कळावे. लोभ मागण्याचा अधिकार उरला असेल तर मागतो.

तुझा,
व्हर्नन

---

कॅलोवे फोर्ड
रविवार, २१ ऑक्टोबर २०१८

प्रिय व्हर्नन,

सा. न. वि. वि.

पाकीट सुखरूप पोचलं. आधी कामाचं लिहिते, कारण ते सोपं आहे.

पाकीट घेऊन मी निबंधक कार्यालयात गेले. तिथून मला शारीरिक शिक्षणाकडे पाठवलं. तो विभाग २००३ सालीच बंद झालाय, पण त्याचा फलक दारावर आहे आणि आत एक बाई बसतात. त्यांनी तंत्रज्ञान विभागाकडे पाठवलं, तंत्रज्ञानवाल्यांनी परत निबंधकांकडे. मग पाच जणांची समिती बसली. घरगुती पत्र हा पुरावा होतो का, यावर पाऊण तास चर्चा झाली. एकाने सुचवलं की १९९१ सालातल्या या विद्यार्थिनीची मुलाखत घ्यावी. मी समोरच बसले होते. शेवटी निबंधक हॅल्व्हर्सनबाईंनी भिंग मागवलं, शिक्का बघितला आणि म्हणाल्या, या सबंध फाइलीत जिच्या तारखेवर आपलं कुणाचं भांडण नाही अशी वस्तू ही एकच दिसते. तुझा शिक्का जिंकला. दहा डाव मान्य झाले.

पण ज्याने 'अपूर्ण' लिहिलं त्यालाच ते खोडता येतं, असा नियम आहे. सगळ्यांचे चेहरे पडले. किंबर्लिनने तिथल्या तिथे शोध घेतला आणि सांगितलं की ऑस्ट्रँडर सर आहेत, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात. तिने गाजरांचा डबा बंद केला आणि मला स्वतःच्या गाडीतून तिकडे घेऊन गेली. आता मी तिला काही बोलणार नाही.

सरांना माझा चेहरा आठवेना. म्हणाले, चार पावलं टाकून दाखव. वृद्धाश्रमाच्या बोळात मी हातात चेंडू असल्यासारखी चार पावलं टाकली, आणि ते ओरडले की डावा पाय रेषेच्या बाहेर टाकणारी पोरगी तू! नुसती सही द्यायला मात्र ते तयार नाहीत. दोन डाव बाकी आहेत तर दोन डाव खेळायचे, आणि १९८९च्या नियमाने गुण जोडीदाराने पेन्सिलीने लिहायचे. हल्ली पडद्यावर आपोआप गुण येतात असं किंबर्लिनने सांगितलं, तर म्हणाले पडद्याला विचारलंय कोणी.

कॉलेजचा बोलिंगचा अड्डा तर केव्हाच पाडला. गंमत अशी की त्याच जागेवर आमच्या प्रयोगशाळेची इमारत उभी आहे आणि तिथली कामाची टेबलं जुन्या पट्ट्यांच्या लाकडाची आहेत. ज्या टेबलावर मी ते चार बोर्ड दुरुस्त केले त्यावर नेम धरायचे बाण अजून दिसतात. शेजारच्या गावातला अड्डा ठरवलाय, शनिवारी दहा नोव्हेंबरला, सकाळी अकरा वाजता. माझी तेव्हाची जोडीदारीण आता ॲरिझोनात असते. प्रुएटसाहेबांना विचारीन, जवळचं त्यांना नीट दिसत नाही, पण चालेल.

आता कामाचं संपलं.

तू रजा मागितली नव्हतीस हे वाचल्यावर मी पत्र पालथं ठेवलं आणि भांडी घासली. घासून झाल्यावर परत घासली. मी नऊ वर्षं बाबांना भरवलं, उठवलं, बसवलं, आणि दर वेळी मनात म्हणायचे, खातंच सोडत नाही, व्हर्न बिचारा काय करणार. नऊ वर्षं मी टपालखात्याला शिव्या घातल्या. आता त्यांची माफी मागायला हवी. मला राग आलाय, आणि तू हे आत्ता का होईना लिहिलंस याचं बरंही वाटतंय, आणि या दोन्हींचं काय करायचं ते मला कळत नाही. यावर उत्तर पाठवू नकोस. कागदावरची उत्तरं मला पुरे झाली.

कळावे. लोभाचं डावांनंतर बघू.

डार्लीन

---

तुझ्या घरासमोर
शनिवार, १० नोव्हेंबर २०१८, सकाळ

चि. डार्लीन हिस,

अ. उ. आ.

या पाकिटावर तिकीट नाही. बिनतिकिटाचं पत्र कुणाच्या पेटीत टाकणं हा देशाच्या कायद्याने गुन्हा आहे, हे मी चौतीस वर्षं लोकांना ऐकवत आलो. आज मीच तो करतोय.

काल पहाटे निघालो. पुलावर बर्फ होतं. झिप मागच्या सीटवर आहे. साडेसहापासून मी तुझ्या घरासमोर गाडीत बसलोय. सातला तू पेपर घ्यायला बाहेर येतेस हे तुझ्याच पत्रांवरून मला ठाऊक आहे, म्हणजे माझ्याकडे फार वेळ नाही.

माझ्या रस्त्यावर चारशे बारा दारं होती. तुझं त्यात नव्हतं, आणि मी ते कधी घालून घेतलं नाही. आता दार वाजवावं म्हणतो तर हात धजत नाही. दारापर्यंत जाऊन पत्र टाकायचं एवढंच मला येतं, पुढचं कधी शिकलो नाही.

पेन्सिल आणली आहे. दोन आणल्यात, टोकं काढून. चष्म्याचा नंबरही गेल्या महिन्यात नवा करून घेतलाय, जवळचं स्पष्ट दिसतं.

मी नको असेन तर टपालपेटीच्या कडेचं लाल निशाण वर कर, 'इथलं घेऊन जा' अशी टपालवाल्याला खूण असते ते. मी समजेन आणि परत जाईन.

व्हर्नन

---

कॅलोवे फोर्ड
रविवार, १८ नोव्हेंबर २०१८

ती. व्हर्नदादास,

शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलास हे कळलं. झिपचा पट्टा माझ्याकडे राहिलाय. तो न्यायला तुला परत यावं लागेल, टपालाने मी पाठवणार नाही.

एक गोष्ट तोंडावर सांगता आली नाही. त्या सकाळी तुझं पत्र वाचून मी खरोखर निशाण वर करायला हात घातला होता. तुला गाडीतून दिसलंही असेल. तेवढ्यात झिपने काचेला नाक लावून माझ्याकडे बघितलं, आणि तुझं पांढरं डोकं मला दिसलं, तू समोर बघत बसला होतास, शिक्षा झालेल्या पोरासारखा. मला एकदम वाटलं की हा माणूस सत्तावीस वर्षं असाच गाडीत बसलाय. मग हात खाली घेतला.

आता निकाल. पहिल्या डावात एकशे अठरा आणि दुसऱ्यात एकशे एकतीस हे तू स्वतःच लिहिलंस. तू गेल्यावर सरांनी मला श्रेणी सांगितली. खेळाला त्यांनी 'अ' दिली. मग विषय वेळेत पूर्ण न केल्याबद्दल एक श्रेणी कापली आणि 'ब' केली. मी म्हटलं, सर, सत्तावीस वर्षांच्या उशिराला एकच श्रेणी? ते म्हणाले, नियमात एकच लिहिली आहे. डाव्या पायाबद्दल वेगळं बोलले ते इथे लिहीत नाही.

कागद घेऊन मी सोळा तारखेला कॉलेजात पोचले तेव्हा कचेरी बंद व्हायला दहा मिनिटं होती. सरांची सही बघून हॅल्व्हर्सनबाईंनी 'अपूर्ण' खोडलं. किंबर्लिन कोट घालून, दिवे चालू ठेवून थांबली होती. प्रयोगशाळेत सोळा जागा असतात, सोळावी मला मिळाली. प्रकल्पही मिळाला. मे महिन्यात पदवी. आता फक्त अभ्यास उरलाय, आणि त्याची मला भीती नाही. बोर्ड बंद पडले तरी कुणाला दोष देता येणार नाही, मीच दुरुस्त केलेत. प्रुएटसाहेबांनी तर त्यांच्या टेबलाचा एक खण मला आत्ताच रिकामा करून दिला.

माझ्या मनात एक शंका होती, ती मी किंबर्लिनला विचारली. 'अपूर्ण' होतं म्हणून फाइल उघडी होती आणि फाइल उघडी होती म्हणून जुनं पुस्तक लागू होतं. आता 'अपूर्ण' गेलं, मग फाइल बंद होऊन माझे चौदा विषय परत उभे राहणार का? तिने पडद्याकडे बघितलं, बंद करायच्या बटणाकडे बघितलं, आणि गाजर उचललं. छान प्रश्न, म्हणाली, आणि बटण न दाबता घरी गेली.

शेवटचं एवढंच. मी गुणपत्रकाची नवी प्रत मागून घेतली. उशिरा पुरा केलेला विषय आजच्या तारखेला लागत नाही, तो ज्या सत्रात सुरू केला त्याच सत्रात नोंदला जातो, असा त्यांचा नियम आहे. म्हणून तिथे लिहिलंय, शरद सत्र १९९१, बोलिंग, पूर्ण. आणि बाराही डावांचा तक्ता फाइलीत लावलाय, त्यावर जोडीदार म्हणून तुझी सही आहे. म्हणजे कॉलेजच्या दप्तराप्रमाणे १९९१च्या नोव्हेंबरात मी दोन डाव सोडून गेलेच नाही, आणि तू माझ्या शेजारी बसला होतास. मी ते दोनदा वाचलं, दादा. त्यात दुरुस्ती करा असं मी त्यांना सांगितलं नाही.

कळावे. लोभ पूर्ण.

तुझी,
डार्लीन